बेटाच्या आतला बांबू

मागच्या डिसेंबरात मी आयुष्यात पहिल्यांदा बांबू तोडला. एकच तोडला आणि त्याला पाऊण तास लागला, हाताला दोन फोड आले, ओढणी फाटली, आणि शेवटचा घाव तर तिथल्या एका काकांनीच घातला, त्यामुळे खरं म्हणजे पाऊणच बांबू माझा.

झालं असं की माझा मावसभाऊ, दादा म्हणते मी त्याला, गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करतो. म्हणजे जंगलाचे नकाशे करून देणं, हिशोबाची रजिस्टरं लिहायला शिकवणं, मिटिंगला बसणं असं. मी पुण्यात एसीत बसून 'सस्टेनेबल' हा शब्द दिवसातून दहा वेळा प्रेझेंटेशनमध्ये टाकते, तर तो म्हणाला एकदा ये आणि बघ की हे करायचं म्हणजे काय असतं. धानोरा तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही.

गावाच्या जंगलात पोचलो तेव्हा सात-आठ जण कटाईला लागलेलेच होते. मी उत्साहात कोयता मागितला आणि समोर दिसला तो बांबू धरला. सरळसोट, हिरवागार, बेटाच्या, म्हणजे बांबूंच्या झुबक्याच्या, एकदम कडेला, हात घातला की निघेल असा. तर एक काका, वय साठीच्या पुढे असेल, बिडी विझवून उठले आणि म्हणाले, "बाई, भायेरचा कोनीबी तोडते. अंदरचा काढून दाखव." सगळे हसले. मला वाटलं शहरातली म्हणून माझी गंमत करतायत, पण नंतर कळलं की त्या एका वाक्यात त्यांचा अर्धा वन व्यवस्थापन आराखडा होता.

बांबूचं बेट कसं वाढतं ते मला माहीतच नव्हतं. लहानपण गडचिरोलीतल्याच वडशात गेलं, घराजवळून बांबूचे ट्रक जायचे, मामा तर एका ठेकेदाराकडे कूप मुनीम होता, म्हणजे जंगलाच्या कटाईला काढलेल्या भागावर, कूपावर, हिशोब ठेवणारा, तरी माहीत नव्हतं. तर नवा कोंब येतो तो बेटाच्या बाहेरच्या अंगाला. जुने बांबू आत आणि नवे बाहेर, असं बेट दरवर्षी थोडं थोडं पसरत जातं. म्हणजे कडेला जो सहज हाताशी येतो तो बहुतेक यंदाचा नाहीतर गेल्या वर्षीचा असतो, आणि तोडायला जो लायक, तीन-चार वर्षांचा, तो आत अडकलेला असतो, आजूबाजूच्या दहा जणांच्या फांद्यांत गुंतलेला. तोडायला सोपा तो तोडायचा नसतो आणि तोडायचा तो सोपा नसतो. बस, एवढंच आहे ते.

आता ठेक्याचा जमाना आठवा. मजुरी नगावर किंवा बंडलावर. माणूस पोटासाठी आलाय, दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्याच्या सीमेपलीकडून, पुढच्या वर्षी त्याला कुठलं तरी दुसरंच कूप मिळणार. तो आत कशाला शिरेल? कडेचेच सपासप मारणार, वाकायचा त्रास नको म्हणून कमरेएवढे खुंट ठेवणार. मामा सांगायचा की कागदोपत्री नियम सगळे तेव्हाही होते, अगदी किती इंचावर कापायचं ते लिहिलेलं असायचं, पण संध्याकाळी मुनीम मोजायचा ते बंडल, खुंट कोणी मोजलेच नाहीत. मामाला मी दोष देत नाहीये हां, तो स्वतःच हे हसत हसत सांगायचा, म्हातारपणी थोडं कमी हसायचा.

कडेचे कोवळे गेले की दोन गोष्टी होतात. एक तर पुढच्या वर्षीच्या कोंबाला अन्न पुरवणारे कमी होतात, कारण जमिनीखालच्या कंदात जो साठा असतो तो हेच हिरवे बांबू पानांतून कमावून भरत असतात. दुसरं म्हणजे आतले म्हातारे तसेच राहतात, सुकतात, एकमेकांवर पडतात, आणि बेट असं जाम होतं की त्यातून नवा कोंब आला तरी वाकडातिकडा येतो. मी पाहिलं असं एक बेट, जुन्या काळचं, बाहेरून दाट दिसतं, फोटो काढला तर लोक म्हणतील वा काय जंगल आहे, आणि आतून नुसतं सुकलेल्या काड्यांचं भारूड. तेव्हा हिरवं दिसतंय म्हणजे जंगल बरं आहे असं नसतं, हे मला तरी नवीन होतं.

त्या गावाने नियम केलेत ते फार साधे आहेत आणि यातला एकही त्यांचा शोध नाही, वनविभागाच्या पुस्तकात पण हेच सापडेल. यंदाच्या कोंबाला हात लावायचा नाही, गेल्या वर्षीच्यालाही नाही. कापायचं जमिनीपासून वीतभर वर पण पेराच्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे खुंटात वाटी राहून पाणी साचत नाही, कारण पाणी साचलं की खालपर्यंत कुजतं. कंद खणायचा नाही, मेलो तरी. बेटात शिरायला एका बाजूने वाट करायची, घोड्याच्या नालासारखी, आणि त्या वाटेने आतले म्हातारे बाहेर ओढायचे, बाहेरची हिरवी भिंत तशीच ठेवायची. पावसाळ्यात कटाई पूर्ण बंद. जंगलाचे भाग पाडायचे आणि एका भागात गेलात की पुन्हा तिथे तीन-चार वर्षांनीच. समजा चारशे हेक्टर आहे तर दरवर्षी शंभर, बाकी तीनशेकडे बघायचंसुद्धा नाही, भाव कितीही चढलेला असो.

वय ओळखायचं कसं हे काकांनी दाखवलं. पहिल्या वर्षीच्या अंगावर सालपटं असतात, पांढरी भुकटी असते, बोट फिरवलं की बोटाला लागते. मग ती जाते, गडद हिरवा होतो. तीन वर्षांच्या पुढे रंग उतरायला लागतो, अंगावर ठिपके येतात, आणि कोयत्याच्या मागच्या बाजूने ठोकलं तर आवाज वेगळा. मला आवाजातला फरक शेवटपर्यंत कळला नाही, खरं सांगते. मी आपली भुकटी बघत होते. आणखी एक, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला बांबू किडत नाही असं सगळेच म्हणाले. चंद्राचं मला माहीत नाही पण थंडीत तोडलेल्यात पिठूळ अंश कमी असतो म्हणून भुंगा कमी लागतो हे मात्र खरं आहे.

आता वाटेल की नियम झाले, प्रश्न सुटला. नाही हो. त्याच गावाजवळ बुरडांची चार घरं आहेत. सुपं, टोपल्या, तट्टे विणणारी. त्यांना तीन वर्षांचा टणक बांबू देऊन उपयोग काय? त्यांना कोवळा लागतो, ज्याच्या पातळ कामट्या निघतात आणि वाकवल्या तर मोडत नाहीत. म्हणजे जो तोडायचा नाही तोच नेमका त्यांचा कच्चा माल. ग्रामसभेत यावर म्हणे तीन मिटिंगा झाल्या, एकदा तर आवाज चढले, आणि शेवटी ठरलं की गावाजवळचा एक पट्टा त्यांच्यासाठी वेगळा ठेवायचा, तिथून एका बेटातून एका वर्षात ठरावीक नगच घ्यायचे आणि तेही दाखवून. हे बरोबर आहे की नाही ते दहा वर्षांनी कळेल. पण एखाद्या ऑफिसात बसून आराखडा झाला असता तर ही चार घरं त्यात आलीच नसती, एवढं मी पैजेवर सांगते.

आणि वास्ते! वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यात त्याची भाजी करतात आमच्याकडे, चिरून पाण्यात ठेवून कडूपणा काढून. आईच्या हातची वास्त्याची भाजी हा माझा वीक पॉइंट आहे. मी कधी विचारच केला नव्हता की एक वास्ता खाल्ला म्हणजे एक बांबू गेला. इथेही त्यांनी बंदी नाही घातली, घरी खाण्यापुरतं काढा, बाजारात विकायला नाही. काकांच्या बायको म्हणाल्या, "मानूस खाते त्याचं का, डुकरंच जास्त खातेत." रानडुकरं आणि सायाळ हे दोघं कोंबांचे खरे गिऱ्हाईक, त्यांना ग्रामसभेचा ठराव कोण वाचून दाखवणार.

या 'टिकाऊ' प्रकरणाचा इतिहास मी आल्यावर वाचत बसले. जर्मनीतल्या सॅक्सनीत हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाचा खाणींचा अधिकारी होता, त्याने १७१३ मध्ये पुस्तक लिहिलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा, नाहीतर खाणींना लाकूड मिळणार नाही. म्हणजे जंगलावरच्या प्रेमातून नाही तर चांदीच्या खाणी चालाव्यात म्हणून ही कल्पना पुढे आली, मला हे फार आवडलं. मग १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन माणूस हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला आणि ते मोजणीचं शास्त्र इकडे आलं. कूप हा शब्द बघा, आमच्या मामाच्या तोंडी बसलेला अस्सल झाडीपट्टीतला शब्द वाटायचा मला, तो मुळात फ्रेंच निघाला. त्या शास्त्राची गंमत अशी की मोजणी उत्तम, पण मोजणाऱ्याच्या वहीत जंगलात राहणारा माणूस एकतर मजूर होता नाहीतर चोर. १८७८ चा वनकायदा, मग १९२७ चा, जंगल राखीव होत गेलं आणि माणूस बाहेर.

मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. धानोरा तालुक्यातलंच, शे-सव्वाशे घरांचं गोंड गाव. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांची. लोकांना घोषणा माहीत असते पण त्यामागचा वेळ माहीत नसतो. १९८० च्या दशकात गोदावरीवर इचंपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम या धरणांच्या विरोधात 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन झालं, त्यातून हे गाव विचार करायला लागलं. देवाजी तोफा गावातले, आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून येऊन त्यांच्यासोबत बसणारे. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं, पुन्हा बसायचं. आणि निर्णयाआधी अभ्यासगट, म्हणजे विषय समजून घ्यायला वेगळी बैठक, तिथे निर्णय घ्यायचाच नाही. मधाचंच घ्या, आधी पोळं जाळून मध काढायचे, मग अभ्यास करून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि अंडी-पिल्लांचा तसाच ठेवायचा हे शिकले. माझ्या ऑफिसात निर्णय आधी होतो आणि अभ्यास नंतर, कारण स्लाइड बनवायची असते.

२००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल राखायचे आणि वापरायचे हक्क, मिळाले, देशात अगदी सुरुवातीचे. मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर. पण कागद मिळाला तरी बांबू विकता येईना! कारण १९२७ च्या कायद्यात झाड या शब्दाच्या व्याख्येत बांबू बसवलेला होता, आणि झाड म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे वनविभागाचं. इकडे वनहक्क कायद्यात मात्र बांबू गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, म्हणून स्पष्ट लिहिलेला. शाळेतल्या पोराला विचारा, तो सांगेल बांबू हे गवत आहे. पण वाहतूक परवाना, ज्याला तिकडे सगळे टीपी म्हणतात, तो मिळाल्याशिवाय ट्रक नाक्यावरून हलत नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पावतीपुस्तकच ते, दिसायला किराणा दुकानातल्यासारखं. पण त्या पुस्तकावर कोणाची सही चालते यावरच जंगल कोणाचं हे ठरत होतं. पुढे २०१२ च्या नियमांत ग्रामसभेने टीपी द्यायची तरतूदच आली, आणि २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला.

आज गडचिरोलीत हजाराच्या वर गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. सगळी मेंढा नाहीत, हे दादा पहिल्याच दिवशी म्हणाला. काही गावांत कागद ट्रंकेत आहे आणि टीपीचं पुस्तक व्यापाऱ्याच्या खिशात, नाव ग्रामसभेचं आणि कारभार जुन्या ठेकेदाराचाच. व्यापारी ॲडव्हान्स देतो, मग भाव पाडतो, मग बिल थकवतो. मी गेले त्या गावाचे पण पैसे अडकलेत एकाकडे. रजिस्टरमध्ये पाहिलं मी, निळ्या शाईत माल आणि लाल शाईत येणे बाकी. शाश्वत व्यवस्थापन म्हणताना आपण झाडांबद्दल बोलतो, पण थकलेल्या बिलाने पण जंगल तुटतं, कारण पैसे अडकले की पुढच्या कूपात वर्षभर आधी शिरायचा मोह होतो. यांना झाला होता. दोन मिटिंगा त्यावर झाल्या, नाही शिरले. त्याऐवजी बरीच पोरं मिरची तोडायला तेलंगणात गेली, जशी दरवर्षी जातात.

एप्रिलमध्ये मी पुन्हा गेले, आणि तेव्हा काही बरं वाटलं नाही. मोहाचा सिझन, म्हणजे पहाटे उठून टोपली घेऊन झाडाखाली. वास इतका गोड की डोकं जड होतं. फुलं पिवळट पांढरी, खाली वाळकी पानं, त्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून लोक काय करतात तर झाडाखालची पानं पेटवतात. बहुतेक वेळा विझवतात. एकदा नाही विझली की वणवा. आणि वणव्याचं दुसरं कारण तेंदू. आग लागून गेली की तेंदूला जमिनीतून नवी फूट येते, मोठी मऊ पानं, विडीला एकदम फर्स्ट क्लास, तर कोणीतरी गुपचूप काडी लावतं. नीट पद्धत आहे की फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची बेल कटाई करायची, झुडूप खाली छाटायचं, तरी तशीच फूट येते. पण त्याला मजुरी लागते आणि काडीला आठ आणे. वणव्यात यंदाची बांबूची रोपं जातात, जमिनीवरची घरटी जातात, साग सोडून बाकी बारीक झाडं सगळी जातात. मी गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या जंगलाचा एक कोपरा जळला होता. काळी जमीन, वर पळस फुललेला, त्याला काय, तो फुलतोच. काका एका बेटाच्या जळक्या खुंटांपाशी उकिडवे बसून बघत होते, बोलले काहीच नाहीत.

कोणी लावली हे गावात सगळ्यांना माहीत आहे असं मला वाटतं. नाव कोणी घेतलं नाही. मिटिंगमध्ये फक्त ठरलं की पुढच्या वर्षी जाळरेषा आधी काढायच्या, म्हणजे जंगलात रुंद पट्टे झाडून साफ करायचे की आग ओलांडू शकत नाही, आणि मोहाखालची पानं झाडूनच काढायची, किंवा जाळी बांधायची. जाळीचा खर्च कोण करणार यावर चर्चा अडली.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे, त्यांना २०१२ मध्ये हक्क मिळाले, साधारण हजार हेक्टर. त्यांनी ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही. आग नको, फांद्यांची छाटणी नको, तंबाखूचा धंदा पण नको, बांबूवर भागवू. ऐकायला भारी वाटतं आणि आहेच. पण मी हे इथे मिटिंगनंतर काढलं तर एक बाई, कडेवर पोर, मला म्हणाली, "ताई, मे मयन्यात पंधरा दिवस पान तोडतो तवा वर्साचं मीठ-तेल निगते. तुमी देसान का?" सत्तर पानांचा एक पुडा, असे हजार पुडे झाले की एक गोणी. पहाटे तीनला निघायचं, दुपारी घरी येऊन सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, म्हातारी पण आणि शाळेतलं पोर पण, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, द्यायचे. मी गप्प बसले. पाचगाव चुकलं असं नाही, त्यांच्याकडे बांबू भरपूर होता आणि त्यांनी स्वतः ठरवलं. या गावाचं गणित वेगळं आहे. दुसऱ्याच्या गावाचा ठराव उचलून तिसऱ्याच्या गावात ठेवायचा ही तर माझी ऑफिसातली सवय.

एक गोष्ट मात्र मला खटकते ती सांगते. इतकी राखण करायची, रात्री पाळीने गस्त घालायची, वणवा विझवायला धावायचं, आणि उभ्या सागावर ग्रामसभेचा विक्रीचा हक्क नाही, कायद्यात फक्त गौण वनोपज आहे. आलापल्ली-बल्लारपूरचा साग अयोध्येच्या मंदिराला गेला तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर केवढे मेसेज, मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण काकांना सांगितलं तर ते म्हणाले सागाचं आमाले का विचारता, आमी बांबूवाले.

बरं, तो माझा बांबू. पाऊण तास लागला कारण मी नालाच्या आकाराची वाट करत करत आत गेले, म्हणजे काका दाखवत होते आणि मी सुकलेल्या फांद्या ओढत होते, आणि आतला तो पिवळा पडलेला म्हातारा तोडल्यावर पण खाली पडेना, वर चार जणांत अडकलेला. तिघांनी मिळून ओढला. तेवढ्या वेळात कडेचे वीस झाले असते, हे एका पोराने हिशोब करून मला ऐकवलं. त्यांच्याकडे आता दर पण वेगळा आहे, आतला जुना काढला तर नगाला जास्त, आणि संध्याकाळी नग मोजतात तसे खुंट पण मोजतात. मामा असता तर हसला असता.

परवा ऑगस्टच्या शेवटी दादाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तेच बेट, मी शिरले होते ती वाट दिसत होती, बाहेरच्या अंगाला जाडजूड कोंब, सालपटांसकट. खाली लिहिलं होतं: नऊ आले, तीन डुकरांनी खाल्ले, एक काकूंनी, पाच आहेत. मी विचारलं काकूंनी भाजी कशी केली, तर म्हणाला तुझ्यासाठी पाठवणार होते पण एसटीत खराब झाली असती.